आयुष्याचं ध्येयवाक्य लिहायला बसले आहे. तुमच्यापैकी कोणी लिहिलंय का?

सड्यावरची | १७ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. थोडं लांबेल.

मी रत्नागिरी तालुक्यातली, वय ४३. सतरा वर्षं मुंबईत एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात होते. तीन वर्षांपूर्वी बाबांचं आजारपण निघालं म्हणून मुलाला घेऊन गावी आले. बाबा गेले आणि मी राहिले ती राहिलेच. आता घरात आई, मी, अकरावीतला मुलगा, आणि सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, ६२ हापूस कलमं. नवरा मुंबईत, महिन्यातून दोनदा येतो.

सध्या दोन गोष्टी एकदम दाराशी आल्यात. जुन्या साहेबांचा फोन आला, पुण्यात एका ठिकाणी जागा आहे, पगार चांगला. आणि सड्याच्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. किंमत ऐकून आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. दोन्हीकडे मी "बघू" म्हणून ठेवलंय. मृग लागला, पेरण्या झाल्या, माझं "बघू" काही संपत नाही.

मावसबहीण म्हणाली, आधी स्वतःचं मिशन स्टेटमेंट लिही, मग बाकीचं सुटेल. हा शब्द मला कंपनीतून माहीत. तिथे ते स्वागतकक्षात काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. सतरा वर्षं रोज समोरून गेले आणि आज त्यातला एक शब्द आठवत नाही, म्हणून जरा भीती वाटते. तरी आठ दिवस मुलगा झोपला की वही घेऊन बसते. आतापर्यंत एवढं जमलं:

"मी प्रामाणिकपणे, आनंदाने आणि सतत शिकत जगेन. कुटुंबाला प्रेम देईन, निसर्ग जपेन आणि समाजाचं ऋण फेडेन."

वाचायला बरं वाटतं. पण पुण्याला जाऊ का, असं त्याला विचारलं तर ते गप्प बसतं. कुठे चुकतंय? आयुष्य एका पानात मांडायचा प्रयत्न कोणी केला असेल तर कसा केलात आणि पुढे त्याचा उपयोग झाला का, हे मनापासून जाणून घ्यायचंय.

---

पाटीपेन्सिल | १७ जून, रात्री ११:०५

ताई, वाक्य वाईट नाही, पण ते माझ्याही नावावर खपेल. ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निबंध तपासताना मुलांना एक सांगायचो: वाक्य उलटं करून बघा. "मी अप्रामाणिकपणे जगेन" असं जगात कोणी लिहिणार नाही. मग सुलट वाक्यानेही काही सांगितलं नाही. "मी गावात राहून काम करीन" हे उलटं करा. गाव सोडून काम करणारे लाखो लोक आहेत, चांगली माणसं आहेत. म्हणजे इथे तुम्ही काहीतरी निवडलंत.

आमच्याच गुहागर तालुक्यातलं उदाहरण देतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले कोतळूकचे, जन्म १८६६. त्यांनी १२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदाला सात शपथा घ्याव्या लागत. पहिली देशाची, ती अपेक्षितच. पण पुढच्या बघा. संस्था देईल तेवढ्यात स्वतःचं आणि कुटुंबाचं भागवीन, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. ही शपथ घेऊन घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणती नोकरी नाकारायची आणि कोणत्या शिवीला उत्तर द्यायचं नाही, हे आपोआप कळत होतं.

तुमच्या पानावर एक तरी "नाही" येऊ दे. बाकी शब्दांचं मग बघू.

---

ओटीवरून | १८ जून, सकाळी ७:२०

मला हे पटत नाही, स्पष्ट लिहितो. माझी आजी अंगठाबहाद्दर होती. पहाटे उठून शेण-गोठा, दुपारी शिंपणं, संध्याकाळी दिवा. दारी आलेल्याला ताक दिल्याशिवाय तिने कधी सोडलं नाही. तिला हे कोणी लिहून दिलं नव्हतं. आयुष्य जगून कळतं. कागदावर उतरवलं की माणूस कागदाकडे बघत बसतो आणि समोरचं काम राहून जातं.

---

पाटीपेन्सिल | १८ जून, सकाळी ८:१०

तुमच्या आजीला नमस्कार. पण तिच्यापुढे किती वाटा होत्या? लग्न होऊन ज्या उंबऱ्याच्या आत आली तिथेच जन्म गेला. कोणतं आयुष्य जगू हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही. या ताईंना पुण्याहून फोन आलाय, सड्याला गिऱ्हाईक आलंय, नवरा मुंबईत आहे. एका माणसाला तीन गावं तीन दिशांना ओढतात, तेव्हा काहीतरी धरून ठेवायला लागतंच.

---

रात्रपाळी | १८ जून, दुपारी ३:४५

ओटीवरून दादा, तुमच्या आजीला ताक घालायला आवडायचं का, हे तुम्हाला माहीत आहे का? भांडायला विचारत नाही. माझ्यावर तेच आलं म्हणून विचारते.

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका, १४ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हाला हेच लिहायला लावलं. आधी आपल्या भूमिका लिहा, मग प्रत्येक भूमिकेत काय करायचंय ते. मी भराभर ११ ओळी लिहिल्या. रुग्णांशी चिडून बोलणार नाही. सासूबाईंच्या गोळ्या चुकू देणार नाही. मुलीला इंजिनिअर करीन. शिकवणाऱ्या बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, यातली जी ओळ फक्त तुमच्यासाठी आहे तिच्याखाली रेघ मारा.

पेन हातात घेऊन बसले. रेघ मारायला जागाच सापडेना. मला रडू आलं आणि रडू का येतंय तेही कळेना.

मग बारावी ओळ लिहिली: "दर गुरुवारी भजनाला जाईन." एवढीच. घरात आधी कुरबूर झाली, गुरुवारी रात्रीचं जेवण कोण बघणार वगैरे. आता गुरुवारी भात मुलगी लावते. सड्यावरची ताई, तुझ्या वाक्यात कुटुंब आहे, निसर्ग आहे, समाज आहे. तू कुठे आहेस?

---

हर्णै_बंदर | १९ जून, सकाळी १०:३०

सध्या मासेमारीला बंदी आहे, १ जून ते ३१ जुलै बोटी वर काढलेल्या असतात, त्यामुळे वाचायला वेळ आहे. माझ्याकडे असा कागद आहे. बोटीच्या परवान्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत असतो. चार ओळी:

खलाशांचा वाटा लिलावाच्या दिवशीच वाटायचा.
बंदीच्या काळात बोट पाण्यात घालायची नाही.
एलईडीच्या दिव्यावर मासेमारी करायची नाही.
लहान पापलेट जाळ्यात येईल असा आस वापरायचा नाही.

बाहेरच्यांसाठी सांगतो, आस म्हणजे जाळ्याचा डोळा. समुद्रात झगमगीत दिवे सोडले की मासळी उजेडाला गोळा होते आणि लहानमोठं सगळं एकदम ओढलं जातं. त्याला कायद्याने बंदी आहे, तरी चालतं हे बंदरावर सगळ्यांना माहीत आहे. दोन हंगामांमागे माल फारच कमी झाला. एक जण बोटीवर येऊन बसला, म्हणाला जनरेटर, दिवे सगळं मी उधारीवर बसवून देतो, पैसे मालातून वळते कर. दोन तास बसला होता. मी पिशवीतून कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, परत दिला, चहा पिऊन गेला.

खरं तेच सांगायला पाहिजे म्हणून लिहितो, त्या हंगामात मला तोटा झाला. कर्ज काढलं, हप्ता अजून चालू आहे. कागदामुळे पैसे मिळत नाहीत. पण मुलगा आता बोटीवर बरोबर येतो आणि त्याच्यापासून मला काही लपवावं लागत नाही. २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हा तो मला म्हणाला, बाबा, आपली चौथी ओळ सरकारने वाचली वाटतं.

ताई, तुम्हाला एक सांगू का? ज्या दिवशी निर्णय घ्यायचाय त्या दिवशी असला कागद लिहू नका. त्या दिवशी माणूस आपल्याला हवं तेच लिहितो. मी माझा लिहिला तेव्हा समोर कोणी गिऱ्हाईक नव्हतं.

---

सड्यावरची | १९ जून, रात्री १०:१५

हर्णैचे दादा, तुमचं शेवटचं वाक्य बोचलं, कारण मी तेच करते आहे. तरी थांबता येणार नाही, साहेबांना जुलैअखेर कळवायचंय.

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून वही मिटून ठेवली. उद्या परत उघडते.

---

पूररेषा | २१ जून, दुपारी १:००

चिपळूणहून. कोरं पान घेऊन "माझी मूल्यं कोणती" असं मनाला विचारलं तर मन पाठांतर म्हणून दाखवतं. आपल्याला खरंच काय महत्त्वाचं वाटतं, हे आपल्या हातांनी आधीच कधीतरी सांगितलेलं असतं. ते आठवावं.

२२ जुलै २०२१. बाजारपेठेत पाणी चढत होतं. आमचं दुकान खाली, घर वर. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मी काय उचललं? आधी उधारीच्या वह्या. मग किमती माल, जेवढा जिन्यावरून नेता आला तेवढा. तिसऱ्या फेरीला खाली आलो तर बायको दुकानात नाही. ती मागच्या गल्लीतून शेजारच्या आजींना पाठुंगळी घेऊन येत होती. आजी ओरडत होत्या, माझी पिशवी, माझी पिशवी. बायकोच्या कमरेपर्यंत पाणी.

तिला मी कधी विचारलं नाही की तू असं का केलंस. विचारायची गरज नव्हती. पण त्या दिवसापासून मी माझ्या वह्यांकडे बघतो तेव्हा मला ते आठवतं. गाळ काढायला बरेच दिवस गेले. त्या गाळात बसूनच मी पहिल्यांदा विचार केला की मी माणूस म्हणून कसा आहे आणि कसा व्हायचंय. ध्येयवाक्य वगैरे नाव तेव्हा माहीत नव्हतं. लिहिलं ते एवढंच: "आधी माणसं वर न्यायची."

सड्यावरच्या ताई, तुमचे बाबा आजारी पडले तेव्हा तुम्ही सतरा वर्षांची नोकरी टाकून आलात. ते तुमच्या हातांनी लिहिलेलं पहिलं वाक्य. तिथून सुरू करा.

---

शब्दपरडी | २१ जून, रात्री ८:३०

पूररेषा, वाचताना अंगावर काटा आला.

मी समुपदेशनाचं काम करते, दापोलीला. थोडं तांत्रिक वाटेल, पण उपयोगाचं आहे. मोठं वाक्य लिहिलं की समाधान होतं, आणि त्या समाधानामुळेच बऱ्याचदा पुढचं पाऊल राहून जातं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी निश्चय आणि कृती यांमधल्या या फटीवर बराच अभ्यास केला. त्यांचं १९९९ सालचं म्हणणं थोडक्यात असं: "मी व्यायाम करीन" यापेक्षा "अमुक वेळ झाली, अमुक जागी असलो, की मी तमुक करीन" अशा घडणीचा निश्चय जास्त पाळला जातो. कारण प्रसंग समोर आला की तोच आठवण करून देतो, त्या घडीला पुन्हा मनाशी झगडावं लागत नाही. हर्णैच्या दादांच्या कागदात हे आहे बघा. "लिलावाच्या दिवशीच." रात्रपाळी ताईंच्या "दर गुरुवारी"तही आहे.

आमच्या मुरुडचे महर्षी कर्वे घ्या. गावासाठी काही करावं असं म्हणून ते थांबले नाहीत. कमाईतला ठरावीक वाटा बाजूला काढत गेले, त्यातून मुरुड फंड उभा राहिला. स्त्रियांच्या शिक्षणाचं मोठं काम पुढे झालं, पण पैसा बाजूला काढायची सवय आधीची.

म्हणून माझी सूचना: वरती एक-दोन ओळी दिशेच्या, आणि प्रत्येकीखाली "असं झालं की मी असं करीन" अशी एक ओळ. एका पानापेक्षा जास्त नको. आठवत नसेल तर ते तुमचं झालेलंच नाही. विनोबांनी गांधीजींच्या आश्रमाची अकरा व्रतं मराठी श्लोकात बांधली ती याचसाठी, चालीवर म्हणता आली की विसरत नाहीत. गागोद्याचा माणूस, त्यांना पाठांतराची ताकद माहीत होती.

---

माडाच्या_बुडाक | २२ जून, सकाळी ९:१५

ह्या सगळा वाचून माका आमचा गाऱ्हाणा आठवला. मी वेंगुर्ल्याकडचो. ध्येयवाक्य कसा लिवचा ता आमका कोणी शिकवूक नाय, पण गाऱ्हाणा लहानपणापासून कानार असा.

बाकीच्यांसाठी जरा शुद्ध भाषेत लिहितो. आमच्याकडे देवळात काही मोठं काम काढलं की मानकरी देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात. मग कोण उभा आहे, कशासाठी उभा आहे, काय करायचं योजलंय, चूकभूल झाली तर पोटात घे, आडवं येईल त्याला दूर कर, असं एकेक सांगत जातो. आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं म्हणतात, "होय म्हाराजा!"

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, ते मोठ्याने बोललं जातं. वहीत लिहिलेलं मिटवता येतं, गावासमोर बोललेलं गिळता येत नाही. दुसरं, "होय म्हाराजा" म्हणणारा प्रत्येक जण त्यात बांधला जातो. उद्या तुझ्या कामात आडकाठी आली तर कालचा "होय" त्याला आठवतो. तू ज्या घरात राहतेस त्या घरातल्या माणसांचा "होय" घेतल्याशिवाय तुझं पान पुरं होणार नाही असं माझं मत.

---

ओटीवरून | २२ जून, दुपारी १२:४०

गाऱ्हाण्याचं वाचून माझा विरोध थोडा ढिला झाला. आणि रात्रपाळी ताई, तुमच्या प्रश्नावर चार दिवस विचार करतो आहे. आजीला काय आवडायचं, मला खरंच माहीत नाही. आत्याला फोन करून विचारलं. ती म्हणाली, आजीला समुद्र बघायला आवडायचा. आमचं घर समुद्रापासून तीन मैलांवर. ती जन्मात चार-पाच वेळा गेली असेल.

---

रात्रपाळी | २२ जून, रात्री ११:५०

🙏 आत्याशी बोललात, बरं केलंत.

---

सड्यावरची | २ जुलै, रात्री १०:४०

दहा दिवस आले नाही. कारण सांगते.

पूररेषा दादांनी लिहिलं की आपल्या हातांनी आधीच काय सांगितलंय ते आठवा. म्हणून बाबांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. बाबा दर पाडव्याला नवी वही करायचे. आंब्याचा सगळा हिशेब तीत: फवारणी, मजुरी, पेट्या, गाडीभाडं, दलालाची पट्टी. या वह्या मी आधीही पाहिल्या होत्या, पण हिशेबनीसाच्या नजरेने, बेरजा बघत. पहिलं पान कधी वाचलं नव्हतं.

दर वहीच्या पहिल्या पानावर "श्री" आणि खाली दोन-तीन ओळी. जवळजवळ त्याच, थोड्याफार फरकाने. शेवटच्या वहीतल्या अशा:

"मजुरी त्याच दिवशी. उद्यावर नाही.
अपुरा आंबा उतरवायचा नाही, भाव कितीही असो.
बायला विचारल्याशिवाय सड्याचं काही ठरवायचं नाही."

बाय म्हणजे मी. ही तिसरी ओळ आधीच्या वह्यांत शोधली. मी नोकरीला मुंबईला गेले त्या वर्षीपासून आहे. सतरा वर्षं दर पाडव्याला त्यांनी ती लिहिली आणि मला एकदाही सांगितलं नाही. दुसरी ओळ मात्र मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली आहे. मार्चच्या सुरुवातीला भाव चढा असायचा, शेजारी भराभर उतरवायचे. बाबा झेल्यात, म्हणजे आंबे उतरवायच्या काठीच्या जाळीत, आलेला एक आंबा हातात घेऊन देठाजवळ बोट फिरवायचे. खांदे भरलेत का, देठाशी खळगा पडलाय का, ते बघायचे. आणि गड्याला म्हणायचे, आठ दिवस थांब.

आईला वही दाखवली. तिने तिसऱ्या ओळीवर हात फिरवला आणि म्हणाली, मग विचारतायत ते, सांग की.

---

हर्णै_बंदर | ३ जुलै, सकाळी ६:३०

ताई, तुमचा कागद तुमच्या बाबांनी गिऱ्हाईक नसताना लिहून ठेवलाय.

---

शब्दपरडी | ३ जुलै, सकाळी ९:००

वाचून डोळे भरले. तरी एक काळजीने सांगते. बाबांचं पान बाबांचं आहे. ते जसंच्या तसं उचललंत तर काही वर्षांनी ओझं वाटेल. त्यांनी तुम्हाला "सड्यावर राहा" असं लिहिलेलं नाही, "विचारायचं" असं लिहिलंय. उत्तर दोन्ही बाजूंनी मोकळं आहे. पुण्याला जायचं ठरलं तरी त्यांच्या ओळीचा मान राहतोच.

---

सड्यावरची | २९ जुलै, रात्री ९:२०

शब्दपरडी ताई, तुमचं म्हणणं धरून पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. पुण्याला जाण्याच्या बाजूनेही एक पूर्ण पान लिहून बघितलं, दोन्ही पानं आठ आठ दिवस वापरून पाहिली. पुण्याच्या पानावर काय चुकीचं होतं असं नाही. पण त्या आठ दिवसांत सकाळी सड्यावर गेले की कलमांकडे बघायचं टाळत होते. ते माझं मलाच दिसलं.

काल साहेबांना "नाही" कळवलं. गिऱ्हाइकालाही. पान असं झालंय:

"सड्यावरची कलमं मी जगवीन. मजुरी त्याच दिवशी, अपुरा आंबा नाही.

जमिनीच्या विक्रीचं बोलणं आईच्या हयातीत नाही. कोणी विषय काढला तर चहा पुढे करण्याआधी सांगेन.

हिशेबाचं काम गंजू देणार नाही. पावसाळ्याचे चार महिने गावातल्या बचतगटांचे आणि बागायतदारांचे हिशेब घेईन.

महिन्यातून एकदा मुंबईला मी जाईन. दरवेळी त्यानेच यायचं असं नाही.

बारा वर्षं खोक्यात पडलेली बाजाची पेटी काढेन. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की अर्धा तास वाजवीन, कोणी ऐकायला असो नसो."

शेवटची ओळ रात्रपाळी ताईंची. पेटीचे दोन सूर बसलेत, दुरुस्तीला दिली आहे. दर मृगाला पान वाचायचं आणि लागेल ते बदलायचं असं ठरवलंय.

माडाच्या_बुडाक दादा, तुमचंही ऐकलं. नवरा परवा आला होता. रात्री जेवणं झाल्यावर देवघरासमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. आवाज कापत होता. मुंबईच्या ओळीला नवरा काही बोलला नाही, नुसती मान हलवली. मुलाने विचारलं, माझं कॉलेज पुण्यात असेल तर? म्हटलं, तुझं पान तू लिही, मी ऐकीन. आई शेवटपर्यंत हात जोडून उभी होती. आमच्याकडे "होय म्हाराजा" म्हणायची रीत नाही, त्यामुळे वाचून झाल्यावर सगळे तसेच थोडा वेळ उभे राहिलो.

---

माडाच्या_बुडाक | २९ जुलै, रात्री ९:४५

होय म्हाराजा!

---

हर्णै_बंदर | २९ जुलै, रात्री १०:०२

होय म्हाराजा. तीन दिवसांनी बोट पाण्यात.

---

ओटीवरून | ३० जुलै, सकाळी ७:०५

होय म्हाराजा.